कुत्र्याला कच्चं मटण घालताय? व्हिडिओतला सल्ला, डॉक्टरांवरचा संशय आणि घरातल्या लेकरांना असलेला धोका, समजून घ्या सविस्तर

आठवडी बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानापुढचं चित्र कुठल्याही तालुक्यात सारखंच असतं. पुढे गिऱ्हाइकांची रांग आणि मागे पाच-सहा कुत्री दबा धरून बसलेली. खाटकाने फुप्फुसाचा तुकडा, आतडी किंवा चरबी फेकली की झडप पडते. कुणी आपल्या वस्तीवरच्या कुत्र्यासाठी तेच पिशवीत भरून घरी नेतं. दहा-वीस रुपयांत कुत्र्याचं दोन दिवसांचं काम भागतं.

आजवर ही फक्त सवय होती. आता तिला मोबाईलवरच्या व्हिडिओंचा आधार मिळाला आहे. 'कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्याला कच्चंच मांस द्या', 'पाकिटातलं खाद्य म्हणजे विष', 'डॉक्टर कंपन्यांचे एजंट झालेत' असे व्हिडिओ इंग्रजी-हिंदीतून गावोगावच्या ग्रुपवर फिरत आहेत. कारवानी आणि पश्मी पाळणाऱ्या हौशी मंडळींपासून शेतावर राखणीला कुत्रं ठेवणाऱ्यांपर्यंत अनेकांना प्रश्न पडतो, की यातलं खरं किती?

उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. या बोलण्यात काही गोष्टी खऱ्या आहेत. पण परदेशातला सल्ला गावात जसाच्या तसा उचलला तर त्याची किंमत कुत्र्याला आणि कधीकधी घरातल्या माणसालाही मोजावी लागते.

हा विचार आला कुठून?

कुत्र्यासाठी तयार खाद्य विकण्याचा धंदा फार जुना नाही. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला सुरुवात केली. त्याआधी जगभरातली कुत्री आपल्याकडच्यासारखीच घरातलं उरलंसुरलं, हाडं आणि शिकार यावर जगत होती. पुढे डबाबंद आणि मग कोरडं दाणेदार खाद्य आलं आणि श्रीमंत देशांत तीच रीत पडली.

या रीतीला ऑस्ट्रेलियातल्या दोन पशुवैद्यकांनी आव्हान दिलं. इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये 'गिव्ह युवर डॉग अ बोन' हे पुस्तक काढून कच्चं मांस, हाडं आणि भाजीपाला असा आहार सुचवला. टॉम लॉन्सडेल यांचं 'रॉ मीटी बोन्स' २००१ मध्ये आलं. लॉन्सडेल यांचा रोख खाद्यापेक्षाही आपल्याच व्यवसायावर जास्त होता. खाद्य कंपन्या आणि पशुवैद्यक यांचं साटंलोटं झालंय, असा त्यांचा आरोप होता. आज फिरणाऱ्या बहुतेक व्हिडिओंचं मूळ या दोघांच्या मांडणीत सापडतं.

संशय अगदीच निराधार नाही

हा संशय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मार्स ही चॉकलेटसाठी ओळखली जाणारी कंपनी कुत्र्यांच्या खाद्याचे मोठे ब्रँड चालवते. पेडिग्री आणि रॉयल कॅनिन हे त्यांपैकीच. याच कंपनीकडे अमेरिकेतल्या प्राण्यांच्या दवाखान्यांच्या मोठ्या साखळ्याही आहेत. २०१७ मध्ये तिने व्हीसीए ही दवाखान्यांची साखळी विकत घेतली. खाद्य विकणारा आणि आजार तपासणारा मालक एकच असेल, तर लोकांच्या मनात शंका येणारच.

ब्रिटनमध्येही प्राण्यांच्या उपचारांचे वाढते दर आणि मोठ्या कंपन्यांनी विकत घेतलेले दवाखाने यावर ओरड झाली. तिथल्या स्पर्धा नियामकाने सप्टेंबर २०२३ मध्ये या क्षेत्राचा आढावा घ्यायला सुरुवात केली आणि मे २०२४ मध्ये रीतसर चौकशी लावली.

पाकिटातल्या खाद्यातही गडबडी झालेल्या आहेत. २००७ मध्ये चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेलं निघालं. ते वापरलेलं खाद्य खाऊन अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या किडन्या निकामी झाल्या आणि कंपन्यांना माल परत बोलवावा लागला. म्हणजे पाकीट चकचकीत आहे म्हणून आतला माल निर्धोक, असंही समजायचं कारण नाही.

पण पाकिटात खोट निघाली म्हणून कच्चं मांस आपोआप चांगलं ठरत नाही. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

कुत्रा आणि लांडगा : पोटात फरक आहे

'कुत्रा म्हणजे लांडगाच' हा या सल्ल्याचा पाया आहे आणि तोच कच्चा आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना केली. पिठूळ पदार्थ पचवणारा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या.

याचा अर्थ सरळ आहे. हजारो वर्षं माणसाच्या दारात राहून, त्याच्या ताटातलं उरलेलं खाऊन कुत्र्याचं पोट बदललं. भाकरी, भात, चपाती त्याला पचते. मळ्यातलं कुत्रं पिढ्यान् पिढ्या भाकरी-ताकावर जगलं ते काही उगाच नाही.

मात्र नुसत्या भाकरीवर कुत्रं जगतं, पण अंग धरत नाही. त्याला प्रथिनं लागतात, स्निग्धांश लागतो, कॅल्शियम लागतं. व्हिडिओवाले मांस द्या म्हणतात त्यात तथ्य आहे ते इतकंच. वाद मांसाचा नाहीच. प्रश्न आहे तो मांस कच्चं द्यायचं की शिजवून, याचा.

खरा धोका : काळीज-फुप्फुसातल्या पाण्याच्या गाठी

परदेशात कच्चा आहार देणारे लोक बहुधा तपासणी झालेलं, गोठवलेलं मांस विकत आणतात. आपल्याकडे कुत्र्याच्या वाट्याला येतं ते माणसाने नाकारलेलं : फुप्फुसं, खराब काळीज, आतडी. गाठी असलेलं काळीज गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून खाटीक ते कापून कुत्र्यापुढे टाकतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांच्या काळजात किंवा फुप्फुसात कधीकधी पांढुरक्या, पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. अशा गाठींमध्ये बऱ्याचदा एका फीतकृमीची पिल्लं असतात. या आजाराला हायडॅटिड म्हणतात. त्याचं चक्र असं चालतं :

१. कुत्रा गाठी असलेलं कच्चं काळीज किंवा फुप्फुस खातो.

२. गाठीतली पिल्लं कुत्र्याच्या आतड्यात चिकटून वाढतात. दीड-दोन महिन्यांत त्यांचे पूर्ण वाढलेले जंत होतात. एकेक जंत जेमतेम दोन ते सात मिलिमीटरचा, पण एका कुत्र्याच्या पोटात ते हजारोंनी असू शकतात.

३. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. ओल्या, सावलीच्या जमिनीत महिनोन् महिने टिकतात. कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात.

४. चरायला गेलेल्या शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात ती गवताबरोबर जातात आणि पुन्हा गाठी तयार होतात.

५. हीच अंडी हातावाटे, न धुतलेल्या भाजीवाटे किंवा पाण्यावाटे माणसाच्या पोटात गेली, तर माणसाच्या लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात गाठ वाढू लागते.

कुत्र्याला या जंताचा फारसा त्रास होत नाही. ते खातं-पितं, हुंदडतं. त्यामुळे मालकाला वाटतं, कच्चं खाऊन आपलं कुत्रं किती ठणठणीत आहे!

माणसातली गाठ मात्र हळूहळू, वर्षानुवर्षं वाढते. लहानपणी अंगणात कुत्र्याशी खेळताना पोटात गेलेलं अंडं तरुणपणी त्रास द्यायला लागू शकतं. उजव्या बरगडीखाली जडपणा, पोटदुखी, गाठ फुप्फुसात असेल तर खोकला आणि धाप अशी लक्षणं दिसतात. अनेकदा दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत ती सापडते. उपचार आहेत. गोळ्या असतात, गाठीतलं पाणी सुईने काढतात, काहींचं ऑपरेशन करावं लागतं. पण गाठ आतल्या आत फुटली तर अंगावर जोरदार रिअ‍ॅक्शन येऊन जिवावर बेतू शकतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गाठी असलेलं मटण खाल्ल्याने माणसाला हायडॅटिड होत नाही. माणसाला तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे. म्हणूनच आपण मटण नीट शिजवून खातो, मग आपल्याला काय धोका, असं म्हणून चालत नाही. घरात कुणी मटणाला हात लावत नसेल, पण दारातलं कुत्रं बाजारात कच्चं खाऊन येत असेल, तरी धोका आहेच.

सगळ्यात जास्त जोखीम मेंढपाळ कुटुंबांना असते. वाड्यावर मेंढरं, कुत्री आणि लेकरं एकाच जागी असतात. वाटेत एखादं मेंढरू दगावलं किंवा कापलं की आतडी-काळीज कुत्र्यांपुढे पडतं. चक्राच्या सगळ्या कड्या एकाच तळावर जुळतात.

कच्चं चिकन आणि बर्ड फ्लू

मटण महाग म्हणून बरेच जण चिकनच्या दुकानातून मुंडकी, पंजे आणि आतडी आणतात. कच्च्या कोंबडीत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. कुत्रं त्याने आजारी पडेलच असं नाही. पण त्याच्या तोंडातून, विष्ठेतून हे जंतू घरात पसरतात. ज्या पातेल्यात त्याचं कच्चं खाणं ठेवलं, ज्या ओट्यावर कापलं, तिथूनही ते माणसाच्या पोटात जाऊ शकतात. लहान मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं यांना त्याचा त्रास जास्त होतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ मध्ये कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस देऊ नका अशी भूमिका घेतली, तिचं मुख्य कारण हेच होतं.

बर्ड फ्लूची भर त्यात पडली आहे. हा आजार आपल्या राज्याला नवा नाही. देशात पहिल्यांदा तो २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्येच सापडला होता. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडले, तेही याच आजाराने. त्याच सुमारास मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मांजरांमध्ये तो सापडला.

कुत्र्यांना बर्ड फ्लू क्वचित होतो, पण होतच नाही असं नाही. २०२३ मध्ये कॅनडात रानहंस चघळलेलं एक पाळीव कुत्रं या आजाराने मेलं. म्हणून शेडमध्ये अचानक कोंबड्या मरत असतील, तर त्या कुत्र्यापुढे टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग. त्याची माहिती लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला द्यायला हवी.

तीच गोष्ट मेलेल्या गुरांची. जनावर कशाने मेलं ते माहीत नसताना त्याचं मांस कुत्र्याला घालू नये. आजाराचे जंतू, विषबाधा झाली असेल तर ते विष आणि मरण्याआधी टोचलेली औषधं, सगळं त्या मांसात असू शकतं.

हाडांचं काय?

शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार काड्या होतात, हे व्हिडिओवाले सांगतात ते बरोबर आहे. पण कच्चं हाडही निर्धोक नसतं. त्याने दात तुटतात, हाड घशात अडकतं, आतड्यात गच्च बसतं. जास्त हाडं खाल्लेल्या कुत्र्याला खडूसारखी पांढरी, कडक शी होते आणि ते कुंथून कुंथून बेजार होतं. हाड अडकलेल्या कुत्र्याला ऑपरेशनशिवाय पर्याय उरला नाही, तर त्याची सोय प्रत्येक तालुक्यात असतेच असं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

पिल्लांच्या बाबतीत उलटी चूक होते. पिल्लू जोमदार व्हावं म्हणून त्याला नुसतं मांस घालतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. पाय वाकडे होतात, पिल्लू लंगडतं, साध्या उडीने हाड मोडतं. शर्यतीच्या किंवा मोठ्या जातीच्या पिल्लांत हे लवकर दिसतं.

मग घालायचं काय?

महागडं पाकीट घेतलंच पाहिजे असं नाही आणि कच्च्याचीही गरज नाही. घरात असतं त्यातूनच चांगला आहार होतो. अंदाज असा घ्या : १५ किलो वजनाच्या, नेहमीसारखं हिंडणाऱ्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ९०० कॅलरी लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून साडेतीनशेच्या आसपास मिळतात. म्हणजे दिवसाला दीड भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि शंभर ग्रॅमच्या आसपास शिजवलेलं, हाड काढलेलं चिकन एवढ्यात त्याचं भागतं. चिकन परवडत नसेल त्या दिवशी अंडं, ताक, शिजवलेली डाळ चालते.

कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं फेकू नका. ती उकळून, वाळवून मिक्सरमधून अगदी बारीक दळा. एवढ्या वजनाच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला अर्धा छोटा चमचा पूड पुरते. पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री आणि आजारी कुत्रं यांची गरज वेगळी असते. त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.

खाटकाकडून काळीज-फुप्फुस आणायचंच असेल तर त्याचे लहान तुकडे करून किमान अर्धा तास खळखळून उकळा. गाठी दिसत असतील तर ते आणूच नका. काळीज रोज नको, आठवड्यातून थोडंसं पुरे.

माणसासाठी केलेला रस्सा कुत्र्याला ओतू नका. कांदा आणि लसूण त्याच्या रक्ताला घातक असतात. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, त्यामुळे द्राक्षपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी शेडमधल्या बेदाण्यापासून कुत्रं लांब ठेवावं. चॉकलेटही नको.

डॉक्टरांवर विश्वास ठेवायचा तर कसा?

गावाकडची अडचण परदेशापेक्षा वेगळी आहे. इथे कंपन्यांच्या दवाखान्यांची साखळी नाही. इथे मुळात कुत्र्याला बघणारा डॉक्टरच लवकर सापडत नाही. सरकारी दवाखान्याचा बराचसा वेळ गाई-म्हशींत जातो. तालुक्याच्या गावी असलेलं खासगी क्लिनिक महाग वाटतं. मग मोटारसायकलवरून फिरणारा कुणीतरी येतो, गाईला देतो तेच इंजेक्शन कुत्र्याला टोचतो आणि पैसे घेऊन जातो. त्याने काय दिलं, किती दिलं, कशासाठी दिलं, याचा कागद कुणाकडेच नसतो.

इथे कायदा माहीत असलेला बरा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार पशुवैद्यकीची पदवी घेऊन नोंदणी केलेल्या व्यक्तीलाच जनावरांवर उपचार करता येतात. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्यांना काही किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून उपचारापूर्वी नोंदणी क्रमांक विचारणं हा पशुपालकाचा हक्क आहे. त्यात कुणाचा अपमान नाही.

दवाखान्यात गेल्यावर हे प्रश्न बिनधास्त विचारावेत :

– साहेब, आजार काय आहे आणि हे औषध कशासाठी? चिठ्ठीवर लिहून द्या.

– लस कुठली? बाटली दाखवा. एक्स्पायरीची तारीख आणि बॅच नंबर कार्डावर लिहा. लस फ्रीजमध्ये दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेली असायला हवी, खिशातून काढलेली नव्हे.

– हे पाकिटातलं खाद्य घ्यायलाच हवं का? घरच्या खाण्यात हे कसं बसवता येईल?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. काही आजारांत, उदाहरणार्थ किडनीच्या दुखण्यात, खास खाद्याचा खरंच उपयोग होतो. पण धडधाकट कुत्र्याला काउंटरवरचं महाग पाकीट घेतलंच पाहिजे, असा आग्रह होत असेल तर कारण विचारावं. चांगला डॉक्टर कारण सांगतो, चिडत नाही. बिल मागावं. पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारावं.

पण संशयापोटी डॉक्टरच सोडून देणं महागात पडतं. पिल्लाला रक्ताची हगवण लागली की 'खाण्यात काही आलं असेल' म्हणून घरगुती उपाय चालतात. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा पार्व्हो असतो. हा आजार लसीने टळतो, पण झाल्यावर वेळ फार थोडा मिळतो. कुठल्याही खाण्याने पार्व्हो किंवा रेबीज टळतो, असं कुणी सांगत असेल तर त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की द्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी पुन्हा.

तसंच मेडिकलमधून आणलेली माणसाची दुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि किडनी जाते. गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावणं किंवा टोचणंही असंच धोक्याचं.

दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करता येतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी हा क्रमांक आहे. फोन करण्याआधी जनावराचं वय, अंदाजे वजन आणि लक्षणं कधीपासून आहेत हे तयार ठेवावं.

जंताचं औषध : सगळी एकसारखी नसतात

'आम्ही जंताची गोळी देतो की' असं बरेच जण सांगतात. पण गोल जंतांसाठीच्या साध्या औषधाने हायडॅटिडचा फीतकृमी जाईलच असं नाही. त्यासाठी प्राझिक्वान्टेल हा घटक असलेलं औषध लागतं आणि ते कुत्र्याच्या वजनावर ठरतं. जिथे कुत्री खाटकाच्या दुकानाकडे जातात किंवा मेंढरांबरोबर राहतात, तिथे ते किती दिवसांनी द्यायचं हे डॉक्टरांना विचारून घ्यावं, कारण जंत पुन्हा दीड-दोन महिन्यांत तयार होऊ शकतो. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवावं आणि त्याची विष्ठा खड्ड्यात पुरावी किंवा जाळावी.

घरातल्यांसाठी नियम साधे आहेत. कुत्र्याला हात लावल्यावर लेकरांनी साबणाने हात धुवायचे. कुत्र्याला तोंड चाटू द्यायचं नाही. त्याचं भांडं वेगळं ठेवायचं. परसातली मेथी, कोथिंबीर, गाजर खाण्याआधी वाहत्या पाण्याखाली चांगली चोळून धुवायची. भाजीच्या वाफ्यात कुत्रं फिरकणार नाही असं कुंपण घालायचं.

हे एकट्याचं काम नाही

एका घराने सगळं पाळलं आणि बाजारातला उकिरडा तसाच राहिला, तर चक्र थांबत नाही. मटण-चिकनच्या दुकानांतला कचरा उघड्यावर न टाकता झाकणाच्या डब्यात गोळा होणं आणि कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरला जाणं गरजेचं आहे. जत्रेच्या, बकरं कापण्याच्या दिवशी तर हे आवर्जून पाहायला हवं. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. खड्ड्याला जागा दाखवायची ग्रामपंचायतीने आणि कचरा तिथे न्यायचा दुकानदाराने, एवढं ठरलं तरी अर्धं काम होतं.

यावर उपाय म्हणून भटक्या कुत्र्यांना विष घालणं हा गुन्हा आहे आणि त्याने प्रश्न सुटतही नाही. एक कुत्रं गेलं की त्या उकिरड्यावर दुसरं येतं.

कच्च्या खाण्याचा प्रचार करणाऱ्यांनी विचारलेला एक प्रश्न मात्र योग्य आहे : माझ्या जनावराला काय घालायचं हे कोण ठरवतंय आणि त्यात त्याचा फायदा काय? तो प्रश्न कंपनीला विचारा, डॉक्टरांना विचारा आणि व्हिडिओ टाकणाऱ्यालाही विचारा. व्हिडिओवाला तुमच्या घरी कधी येणार नाही. खाटकाने फेकलेलं काळीज खाऊन आलेलं कुत्रं मात्र रोज संध्याकाळी अंगणात येतं आणि लेकरं त्याच्या गळ्यात पडतात. आज दुकानातून पिशवी आणली असेल तर ती कुत्र्यापुढे रिकामी करू नका. आधी चुलीवर पातेलं ठेवा, अर्धा तास उकळू द्या, मग घाला.